पाट्यांवर मोजलेल्या कळा

नोकरीची एकतीस वर्षं मी बायकांना एकच गोष्ट शिकवत आले: कळा खऱ्या की खोट्या, हे ओळखायचं कसं. शिकवताना पहिली दहा-बारा वर्षं मी स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाचं उदाहरण द्यायची, पण थोडं फिरवून. माझ्या बाजूनं फिरवून. आता माझी पेन्शनही जुनी झाली आहे, आणि ज्यांच्यासमोर फुशारकी मारायची त्यातल्या बऱ्याच जणी उरलेल्या नाहीत. तेव्हा जे झालं ते तसंच्या तसं लिहायला हरकत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी बावीस वर्षांची होते. लोहाऱ्याच्या बाजूला एका गावात नर्स म्हणून माझी नेमणूक झाली होती. दवाखाना कसला, गावच्या सोसायटीच्या गोदामातली एक खोली होती ती. पलीकडे खताची पोती आणि वाटायला आलेला मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, अलीकडे माझं टेबल, वजनकाटा आणि पडदा म्हणून बांधलेली एक जुनी चादर. माझ्या पांढऱ्या साडीला दिवसभर युरियाचा वास यायचा. तरी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून मी गावातून निघाले, की म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावरून म्हणायची, "या बाई, बसा." मला ते फार आवडायचं. आमच्या घरातल्या कुणाला असल्या ओट्यांवरून आजवर कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं.

मी तेव्हा फार शहाणी होते. म्हणजे मला तसं वाटायचं, आणि मला कुणी अडवतही नव्हतं. बाळंतपणाच्या पुस्तकातली चित्रं मला पाठ होती. गावातल्या चार-चार लेकरं झालेल्या बायकांना मी समोर बसवून लेकरं कशी होतात ते सांगायची, आणि त्या बिचाऱ्या तोंडाला पदर लावून ऐकून घ्यायच्या.

पहिल्या पगारात मी घड्याळ घेतलं होतं, सेकंदकाट्याचं. नाडी मोजायला लागतं म्हणून घेतलं, असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं तर मिरवायलाच घेतलं होतं. आईला त्या घड्याळाचं कोण कौतुक! तिला वेळ वाचता यायची नाही. तिचा सगळा जीव त्या धावत्या काट्यावर. "बग की गं, थकत न्हाय मुळीच," म्हणायची. मी माहेरी गेले की रोज सकाळी घड्याळाला चावी द्यायचं काम तिचं. दोन बोटांत ती बारकी किल्ली धरून इतक्या जपून फिरवायची, की मला हसू यायचं. आज ती बोटं आठवली की हसू येत नाही.

माझं माहेर अणदूरपासून दोन-तीन कोसांवर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आठवा संपताच मी रजा टाकली. नवरा मास्तर, लांबच्या शाळेत. तो मला एसटीनं पोचवून दुसऱ्या दिवशी परत गेला. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. वडील मी लहान असतानाच गेले होते.

तो उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. विहिरींचे तळ दिसत होते. गावाच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि अख्खं गाव तिथं मातीत राबत होतं. जमीनवाले, बिनजमिनीचे, लिंगायताची सून आणि आमच्या वस्तीतली बाई, सगळ्या एकाच रांगेत डोक्यावर पाटी घेऊन. खड्ड्यातून माती भरायची, भरावावर नेऊन टाकायची, रिकामी पाटी घेऊन परत यायचं. पाणी प्यायचे माठ मात्र दोन होते, आमचा वेगळा. दुष्काळाला तेवढं काही जमलं नाही.

आता आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आई एके काळी गावची सुईण होती. तिच्या आधी तिची सासू, आणि तिच्याही आधी तिची. ते काम आमच्या घराकडं कुणी दिलं हे विचारायची सोय नव्हती, आमच्या लोकांकडं गावकीची बाकी कामं जशी आली तसंच तेही आलं होतं. बोलावणं यायचं ते परसदारानं, गोठ्याच्या बाजूनं. बाई अडलेली असेपर्यंत आईच्या हाताला विटाळ नसायचा. बाई मोकळी झाली, नाळ कापली, सगळं आवरलं, की पुन्हा विटाळ सुरू. "ज्या लेकराला म्या उजेड दावला, त्येला तिसऱ्या दिशी शिवायचं न्हाय म्हणं," असं ती एकदाच बोलल्याचं मला आठवतं, तेही भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता.

मी सहा-सात वर्षांची असेन. आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि गावकी सोडली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, सांगावे न्यायचे नाहीत. आईनं त्यात आपलं एक घातलं: यापुढं बाळंतपणाला हात लावायचा नाही. पुष्कळ जण येऊन दारात बसले, कुणी रागावले, कुणी गोड बोलले. ती गेली नाही. आमच्या वस्तीतल्या बायकांनाही ती तोंडानं काय ते सांगायची, पण हात लावायची नाही. मला तिनं शाळेत घातलं, मग ट्रेनिंगला पाठवलं. मी नर्स होऊन पहिल्यांदा गावात आले तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "माजी लेक म्होरच्या दारानं जाती." तिच्या दृष्टीनं नर्सिंगचा सगळा अर्थ त्या एका वाक्यात होता.

आणि मी काय केलं? ट्रेनिंगला सुईणींच्या गोष्टी सांगितल्या जायच्या: घाणेरडे हात, गंजका विळा, धनुर्वात. आम्ही मुली हसायचो. मीही हसायची. आई काय करते असं कुणी विचारलं, तर शेतात जाते म्हणून सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त अर्धं होतं.

त्या दिवशी पहाटेपासूनच माझं काहीतरी बिनसलं होतं. झोप लागेना म्हणून उठले आणि घर झाडलं. मग उतरंड खाली काढून एकेक मडकं पुसलं. पाणी वापरायची सोय नव्हती, म्हणून भांडी कोरड्या राखेनं घासली. तांब्याभर पाण्यात शेण-माती कालवून चूल सारवली, आणि ती वाळायच्या आत परत सारवायला घेतली. आई कामावर निघाली होती. ती चुंबळ हातात घेऊन दारातच थांबली.

"किती सारवशील? चुलीचं लगीन हाय का?"

"घाण झालीय," मी खेकसले.

"कंबर दुखती का?"

"मिलोची भाकर खाऊन पोट बिघडलंय. दुसरं काही नाही. अजून पंधरा दिवस आहेत."

तारीख मी स्वतः काढली होती, पुस्तकात दिलेल्या रीतीनं, पाळीच्या दिवसापासून मोजून. त्या तारखेवर माझा इतका विश्वास होता, की पोटातल्या लेकरालाही ती ठाऊक असेल असं मी धरून चालले होते.

"पंधरा दिस," आई म्हणाली. मग चुंबळ डोक्यावर ठेवत म्हणाली, "घरी एकटी बसू नगं. तळ्यावर ये. सावलीला बस, न् बायांना तुजं काय ते शिकीव."

मला वाटलं, आईला लेक मिरवायची आहे. मी खूश झाले. इस्त्रीची साडी नेसले. हात सुजले होते म्हणून घड्याळ मनगटात बसत नव्हतं, ते सेफ्टीपिनेनं खांद्याशी अडकवलं. त्या सगळ्या झाडण्या-सारवण्याच्या गडबडीत त्याला चावी द्यायची राहिली होती. ना तिच्या लक्षात आलं, ना माझ्या.

तळ्यावर एक बाभूळ होती. सावली जेमतेम, चाळणीतून गाळल्यासारखी. तिथं लेकुरवाळ्या बायका पाळीपाळीनं पोरांना पाजायला यायच्या, आणि दिवस गेलेल्यांना मुकादम तिथंच ढेकळं फोडायला बसवायचा. बाभळीच्या समोरूनच पाट्यांची रांग जायची. मी बाभळीला टेकून बसले आणि पाच बोटं पुढं धरून सुरू केलं.

"पहिलं बोट. दिवस भरत आले की पोट खाली उतरतं. श्वास मोकळा होतो, पण लघवीला सारखं जावं लागतं. दुसरं बोट. कळा. खोट्या कळा आपण चाललो, जरा आडवं पडलो, की थांबतात. खऱ्या थांबत नाहीत. त्या कंबरेतून निघतात आणि पुढं पोटावर येतात, आणि येतात त्या..."

इथं मी थांबले. कंबर कुणीतरी दोरीनं आवळल्यासारखी झाली होती. मी बाभळीच्या बुंध्याला हात लावला, खाली बघितलं, दोन-चार श्वास घेतले. मग ते सरलं.

"येतात त्या ठरावीक वेळानं. दोन कळांमधला वेळ कमी कमी होत जातो. तो घड्याळावर बघायचा."

एक बाई ढेकूळ फोडता फोडता म्हणाली, "आमच्याकडं घड्याळ न्हाय बाई. मग येळ कमी झाला का न्हाय, कळणार कसं?"

प्रश्न बरोबर होता. पुस्तकात घड्याळ होतं, आणि ज्याच्याकडं घड्याळ नाही त्यानं काय करायचं, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी म्हणाले, "घरात, शेजारी कुणाकडं तरी असेलच की." बायांनी पुन्हा ढेकळं फोडायला घेतली. आपलं चुकलं की मला राग यायचा, तसा तेव्हाही आला, आणि त्या रागात मी आवाज चढवून पुढचं बोट धरलं. चिकट, रक्ताळलेला स्राव. मग पाणमोट फुटणं. मग अंगावरून भळाभळा रक्त जाणं. आणि शेवटी, बोटं संपल्यावर, माझं नेहमीचं: "यातलं काहीही झालं की सरळ दवाखाना गाठायचा. सुईणीच्या नादाला लागायचं नाही. त्यांना यातलं काही कळत नाही."

तेव्हा आई समोरूनच चालली होती, भरली पाटी डोक्यावर. तिनं मान वळवली नाही. तशी ती प्रत्येक खेपेला माझ्याकडं एक नजर टाकत होती, जाताना आणि येताना, आणि मला वाटत होतं की माझं ऐकतेय.

भाकरी खाऊन झाल्या. मी नव्या आलेल्या बायकांना पुन्हा पहिल्या बोटापासून सांगायला लागले. मधेच थांबत होते, बाभूळ धरत होते, पुन्हा बोलत होते. मिलोला मनातल्या मनात शिव्या देत होते. आणि मग आईनं भर रस्त्यात, रांगेच्या मधोमध, भरली पाटी खाली ठेवली. मागच्या बायका अडल्या. मुकादम लांबून ओरडला. आई सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ."

"अगं, अजून सांगायचं राहिलंय."

"राहू दे. सकाळच्याला नऊ पाट्यांनी थांबत हुतीस. मग सहा झाल्या. भाकरीच्या आदी चार. आता दोन पाट्या झाल्या न् परत बाभळ धरलीस."

"काय बोलतेस?"

"बोलता बोलता थांबतीस. तोंड मिटतीस, जमीन बगतीस, मग परत बोलतीस. दोन थांबण्यांच्या मधी माज्या किती पाट्या हुत्यात, म्या मोजतीय. सकाळी चूल सारवत हुतीस, तवाच मला वळखू आलं हुतं. त्येच्यासाठीच तुला हितं नजरंम्होरं बसवलं."

मी भडकले. इतक्या बायकांसमोर! "मला कळा असतील तर मला कळणार नाही का? मी नर्स आहे."

"हायस की," आई म्हणाली. "दुसरीच्या कळा वळखायला शिकलीस. सोताच्या कुणालाच वळखू येत न्हाईत."

मी तिला खोटं पाडायला म्हणून खांद्यावरचं घड्याळ पुढं ओढलं. सव्वापाच. ऊन डोक्यावर आणि घड्याळात सव्वापाच. सेकंदकाटा जागच्या जागी थांबलेला होता. तेवढ्यात पुढची कळ आली, आणि या वेळी ती कंबरेत थांबली नाही. पुढं पोटावर आली, मी दिवसभर शिकवत होते अगदी तशीच.

मग माझं सगळं शहाणपण गळालं. मी आईचा हात धरला. "तूच कर आई. घरी चल, तूच कर."

आईनं हात सोडवून घेतला. मातीनं भरलेले ते दोन्ही हात तिनं पाठीमागं नेले. "न्हाय," म्हणाली. "माजा हात लागणार न्हाय. तू खाटंवर बाळंत हुशील. डाक्टर बगंल." मला वाटलं, आता या घडीलाही हिला आपली आण महत्त्वाची. मी तिच्यावर चिडून रडले, आणि रडतानाही मला तिचाच आधार हवा होता.

सरकारी दवाखाना मोठ्या गावात, तिथून तासाभराच्या रस्त्यावर. एसटी संध्याकाळी. पण मजुरांसाठी पाण्याचा टँकर आला होता आणि नुकतंच पाणी सोडायला लागला होता. लिंगायताची सून, जी रोज दुसऱ्या माठाचं पाणी प्यायची, तिनंच पुढं होऊन ड्रायव्हरला सांगितलं, "नळ बंद कर. पयलं हिला पोचीव. पाणी माघारी येताना आण." कुणीही हू की चू केलं नाही. त्या रणरणत्या दुपारी सगळ्या बायका कोरड्या तोंडानं माती वाहत राहिल्या असतील. त्यांचे उपकार मी कधी फेडले नाहीत, आणि ते फिटण्यातलेही नव्हते.

टँकरच्या केबिनमध्ये मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून होते. आता पाट्या नव्हत्या, तर ती रस्त्याकडेचे पांढरे दगड मोजत होती. तिचे ओठ हलत होते. प्रत्येक कळेला ती म्हणायची, "जाऊ दे, सोड तिला, ही गेली बग," आणि कळ खरंच जायची. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

दवाखान्यात पोचलो. मला धरून उतरवल्यावर आई चालायला लागली ती इमारतीच्या बाजूनं, मागच्या अंगाला. चार पावलं गेली आणि थांबली. तिच्या पायांना जन्माची सवय होती, बाळंतपण म्हटलं की परसदार. तिचं तिलाच हसू आलं. "चुकलं गं," म्हणाली, आणि मला वळवून, ताठ मानेनं, पुढच्या पायऱ्यांवरून आत घेऊन गेली.

आतली नर्स माझ्या ओळखीची निघाली, ट्रेनिंगला माझ्या पुढं असलेली. मला खाटेवर घेऊन तिनं विचारलं, "कळा किती वेळानं येताहेत?"

आईनं तोंड उघडलं. "दोन पा..."

"पाच-सहा मिनिटांनी," मी मधेच बोलले. "मी घड्याळावर बघत होते."

"म्हणून तर वेळेत आलीस," ती नर्स म्हणाली. "नाहीतर या बायका सुईणीच्या भरवशावर शेवटपर्यंत घरी बसतात. नर्स असल्याचा हा फायदा."

मी होय म्हणाले. आई भिंतीला टेकून उभी होती, पायाला तळ्याची माती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. पाट्या म्हटलं असतं तर ती नर्स हसली असती, आणि मग आईला हे कसं कळलं ते विचारलं असतं. बंद घड्याळ माझ्या खांद्यावर लोंबत होतं, आणि आईला वेळ वाचता येत नसली तरी धावता काटा उभा आहे हे नक्की कळत होतं.

दिवेलागणीच्या आत मला मुलगी झाली. ती रडली, मी हसले, आणि त्यानंतर रक्त थांबेना. मला धूसर आठवतं ते इतकंच, की डॉक्टरांचे हात माझं पोट दाबून चोळत होते, कुणीतरी दंडात इंजेक्शन दिलं, पाय वर केले. मला गार वाटत होतं. नंतर डॉक्टर म्हणाले, "घरी असतीस तर हातात काही राहिलं नसतं. वेळेवर ओळखलंस." या वेळीही मी मान डोलावली.

सकाळी जाग आली तर उशीजवळ टिकटिक चालली होती. माझं घड्याळ. चावी दिलेलं, काटे बरोबर वेळेवर. आईला वेळ लावता येत नव्हती, म्हणून मी कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या आईनं रात्रीच माझ्याकडून लावून घेतलं. म्हणल्या, लेकीचं घड्याळ बंद दिसाय नगं, डाक्टर बगतील."

माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं रात्री जागून त्याची सोय केली होती. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. लाज वाटली, फार वाटली. ती आत आली, लेकराला घेतलं, टाळूवरून हात फिरवला. तेवढ्यापुरता तिचा हात लागला.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी, मला शेक देताना, ती आपणहून बोलली. "माज्या हातात एक बाई अशीच रिकामी झाली हुती. पोर जगलं. ती गेली. म्या दाबलं, चोळलं, काय काय केलं, रगत थांबलं न्हाय. विटाळाचं तर हुतंच. पर हात लावायचा बंद केला त्यो त्या दिशी. तुला त्येच्यापाशी न्हेलं, ज्येच्याकडं सुई हाय." मला तोवर वाटत होतं की तिनं मानापायी काम सोडलं. मान होताच. पण त्याखाली ती बाई होती, जिचं तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दवाखान्यात मी असं का म्हणाले ते सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "शेक जरा वर दे." पुढं रजा संपली, मी लेक घेऊन परत नोकरीवर गेले. बायकांना शिकवताना सांगायला लागले, "माझं बघा, मी स्वतःच्या कळा घड्याळावर मोजल्या." सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं. आई आणि मी पुढं पुष्कळ बोललो, भांडलो, तिच्या नातीचे लाड केले. त्यावर मात्र शब्द निघाला नाही. मग एका थंडीत ती गेली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, ऐंशीच्या दशकातल्या एका कोरड्या वर्षी, लोहाऱ्याच्या बाजूलाच रोजगार हमीचं काम चालू होतं. मी आता जुनी नर्स झाले होते. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायकांना लिंबाखाली बसवून मी तीच पाच बोटं पुढं धरली. कळांमधला वेळ घड्याळावर बघायचा, म्हणाले. माझं स्वतःचं उदाहरण द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात एक पोरगेली बाई म्हणाली, "घड्याळ नसलं तर पाट्या मोजायच्या."

मी पुढं धरलेली बोटं खाली घेतली. "काय?"

"एकजणीनं पाट्या वाहायच्या न् दुसरीकडं नजर ठिवायची. दोन कळांच्या मधी पाट्या कमी हुत गेल्या की खऱ्या. आमच्या माह्यारकडं समद्या बाया तसंच करत्यात. दोन पाट्या झाल्या की दवाखाना."

"तुझं माहेर कुठलं?"

तिनं माझ्याच माहेराचं नाव घेतलं. "कुणी शिकवलं तिथं?"

"एक म्हातारी मावशी हुती. आता गेली बिचारी. तळ्यावर, रस्त्याच्या कामावर, कुटं बी असली की बायांना सांगायची. ती म्हणायची, ही माजी अक्कल न्हाय बायांनो, माज्या लेकीची हाय. लेक नर्स हाय. घड्याळ नसणाऱ्यांसाठी तिनं ही तोड काढलीय."

आईनं माझं खोटं झाकलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. तिनं आपल्या पाट्याही माझ्या नावावर करून टाकल्या होत्या, आणि गावोगाव सांगत फिरली होती. मला रडू फुटलं. पांढऱ्या साडीत, सगळ्यांसमोर, मी हुंदके देऊन रडले. बायका घाबरल्या, कुणी पाणी आणलं.

"ती लेक मीच," मी म्हणाले. "आणि माझी आई तुम्हाला खोटं सांगायची. पाट्या तिच्याच होत्या. त्या दिवशी माझं घड्याळ बंद होतं."

त्यांना निम्मं कळलं, निम्मं नाही. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चुलीपासून टँकरपर्यंत. ऐकून झाल्यावर ती पोरगेली बाई म्हणाली, "मग आता आमी कुणाचं म्हणून सांगायचं, बाई?"

"सुईणीचं म्हणून सांगा," मी म्हणाले. "माझी आई सुईण होती."

नोकरीला लागल्यापासून हे वाक्य मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले होते.